स्वतःला अहो म्हणणारा पाडेली

दत्ताराम गेला. परवा सकाळी त्याच्या भाच्याचा दाभोळहून फोन आला, तेव्हा मी चहा टाकत होतो. मामा झोपेतच गेला, त्रास काही झाला नाही, असं भाचा म्हणाला. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. चहा उतू गेला होता तो पुसला. माझ्या वयाला अशा फोनचं नवल उरत नाही. रडू यायचं ते सगळं माझ्या बायकोच्या, सुभद्राच्या वेळीच येऊन गेलं.

दुपारी पडवीत बसलो, तर नजर सारखी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे जायला लागली. तिथे आता कुलूप आहे. दत्तारामाच्या मागे बायको नाही, पोर नाही. त्याच्याविषयी कोणी दोन शब्द लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहायला घेतलं. मी चौथी शिकलेला गवंडी. जांभ्याचे चिरे लावण्यात माझा जन्म गेला. एक चिरा बसला की त्यावर दुसरा, तसंच लिहिणार. मध्ये फट राहिली तर राहिली.

दत्ताराम पाडेली होता. माडावर चढून नारळ पाडणं हा त्याचा धंदा. आमच्या वाडीपासून भाट्यापर्यंत असा माड नसेल ज्याला त्याची छाती घासली नाही. अंगाने काटक, रंगाने काळा, पायाचे अंगठे बोटांपासून असे फाकलेले की चप्पल कधी धड बसली नाही. छातीवर आणि पोटऱ्यांच्या आतल्या बाजूला कातडी घट्टे पडून बैलाच्या खांद्यासारखी झालेली. वाडीत त्याला सगळे दत्या म्हणायचे. म्हातारे म्हणायचे, बायका म्हणायच्या, शाळेत जाणारी पोरंही म्हणायची. मीही दत्याच म्हणायचो. त्याला अहो म्हणणारा माणूस सगळ्या वाडीत एकच होता, आणि तो म्हणजे तो स्वतः.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ह्याच्याकडे पाहुणे आले आहेत. गडग्यापलीकडून आवाज येत होता, "बसा दत्ताराम, जेवून घ्या. दमलात आज." मी मान वर करून बघितलं, तर हा एकटाच. पाट मांडलेला, ताट घेतलेलं, उजव्या हाताला पाण्याचा तांब्या. ताटात काय, तर पेज आणि भाजलेला सुका बांगडा. पण बसला असा, जसा कोणी त्याला आग्रहाने बसवलं आहे. जेवून झाल्यावर त्याने विचारलंही, पोट भरलं काय? आणि भरलं असं सांगून हात धुतला. मी आत येऊन सुभद्राला म्हटलं, दत्याचं डोकं फिरलं. ती म्हणाली, एकटा माणूस आहे, त्याला जेवायला बसा म्हणणारं कोण आहे?

त्याची सकाळ गाऱ्हाण्याने सुरू व्हायची. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. पालखी अंगणात आली की गुरव नारळ हातात धरून त्या घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालतो, ह्या लेकरांना सुखी ठेव, आजारपण दूर कर, असं. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली सगळी माणसं होय म्हाराजा म्हणतात. ते होय म्हाराजा आलं नाही तर गाऱ्हाणं अर्धंच राहिलं असं आम्ही मानतो. हे वर्षातून एकदा. दत्ताराम रोज घालायचा, स्वतःचं स्वतःसाठी. उजाडलं की अंगणात उभा राहायचा आणि मोठ्याने सुरू करायचा.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या दत्तारामाला सात माड चढायचे हायत. त्याचे हातपाय ठिकाणावर ठेव."

मग थांबायचा. गाऱ्हाण्यात थांबतात तेवढाच.

"त्याला कुणी वाकडं बोललं तर त्याच्या मनाला लागू देऊ नको."

पुन्हा थांबायचा. आणि शेवटी आवाज उतरवून, देवाला सोडून, स्वतःकडे वळायचा. "आणि अहो दत्ताराम, तुमी पण घाई करू नका."

त्या थांबण्यात आमच्या बाजूने सुभद्रा होय म्हाराजा म्हणायला लागली. ती त्या वेळी कपडे धुवायच्या दगडाशी असायची. पहिल्यांदा ती थट्टेने म्हणाली. पण पुढची वीस वर्षं तिने ते चुकवलं नाही. ताप असला तरी घरातून ओरडायची. मला ते आवडायचं नाही. ह्याच्या खुळात तू कशाला भर घालतेस, असं मी कितीदा बोललो. मी स्वतः कधी तोंड उघडलं नाही.

एकदा मी त्याला सरळ विचारलं, देवाला सांगतोस ते ठीक, स्वतःला काय सांगतोस? तो कोयत्याला धार लावत होता. म्हणाला, देवाला सांगितलंच पाहिजे, पण माडावर चढायचं असतं दत्तारामाला. मग त्याला पण दोन शब्द सांगायला नकोत?

माडावर असताना तर त्याचं तोंड बंद नसायचं. खालून ऐकू यायचं, हा उजवा पाय, हा बसला, शाब्बास, आता दोर वर, अजून एक हात. तान्ह्या पोराला चालायला शिकवतात तसं. आणि त्याचा एक नियम होता. माडाखाली जो कोणी उभा असेल त्याने पडशील हा शब्द काढायचा नाही. सांभाळ म्हणा, थांब म्हणा, शिवी द्या, पण पडशील नको. नवीन गिऱ्हाईक असलं तर चढण्याआधी तो हे हात जोडून सांगायचा.

ह्यामागचं कारण त्याने सुभद्राला सांगितलं होतं, तिच्याकडून मला कळलं. त्याचा बापही पाडेलीच. दत्तारामाला लहान वयात माडावर चढवला आणि खाली उभं राहून बाप एकच ओरडायचा, पडशील मेल्या, पडशील. तो शब्द कानात गेला की पायातला जोर जायचा. वर एकटा, खाली बाप. तेव्हापासून त्याला सवय लागली, बापाच्या आवाजापेक्षा मोठ्याने स्वतःशी बोलायची. आणि बाप अरे-तुरे करायचा, म्हणून ह्याने अहो धरलं. म्हणजे दोन आवाज वेगळे ओळखता यावेत.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी ते केलं, म्हणून हे लिहायचं.

सुभद्रा आजारी पडली त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. आमच्याच परसातला माड होता. दत्ताराम चढत होता, मी खाली होतो. अजून निम्माही चढला नव्हता. त्याच्या पायात अडकवलेला काथ्याचा दोर एका बाजूने उसवलेला मला खालून दिसला. त्याला तो दिसणं शक्य नव्हतं. नुसतं दोर बघ, खाली ये, एवढं म्हणायला हवं होतं. पण माझी जीभ आयुष्यभर एकाच वळणाची. गवंडीकाम करतानाही हाताखालच्या माणसाला मी आधी हे पडणार, हे फुटणार, हे तुला जमणार नाही असंच बोललो. मी ओरडलो, "पडशील रे दत्या!"

त्याने खाली बघितलं. माडावर असताना त्याने खाली बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग तो खालीच आला. दोर आधी तुटला की त्याने आधी खाली बघितलं, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, महिनाभर तो तिथे होता. सुभद्रा रोज पेज घेऊन जायची, मी तिला सोडायला जायचो आणि बाहेर बाकावर बसायचो. एक दिवस ती डबा बाकावरच विसरून औषध आणायला गेली म्हणून मला आत जावं लागलं. तो भिंतीकडे तोंड करून बोलत होता. मला वाटलं देवाला काही मागतो आहे. तर तो म्हणत होता, "दत्ताराम, लय दुखतंय, खरं हाय. आज रडून घ्या, आज मोकळीक हाय. उद्यापासून पायाचं बोट हलवायचं." आणि खरंच रडत होता, आवाज न करता. मी डबा ठेवला आणि निघून आलो.

कसा पडलास म्हणून वाडीत सगळ्यांनी विचारलं. सुभद्राने विचारलं. त्याने सगळ्यांना एकच सांगितलं, दोर जुना झाला होता. माझ्याकडे बघून सांगितलं नाही आणि माझी नजर टाळूनही सांगितलं नाही.

दीड वर्षाने तो पुन्हा चढला. उंच माड सुटले ते सुटलेच. लंगडत यायचा, ठेंगू जातीच्या माडांचे नारळ काढायचा, बाकी वेळ छपरासाठी झावळ्यांचे झाप विणून द्यायचा. सकाळचं गाऱ्हाणं चालूच होतं, फक्त सात माडांचे दोन झाले.

मग सुभद्राला झटका आला. गणपती नुकते गेले होते. सकाळी चुलीपुढे बसली ती उठेना, उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज व्यायाम करून घ्या, ह्यांनी मनावर घेतलं तर बऱ्यापैकी चालतील. मुलगी नंदा विरारहून आली, पंधरा दिवस राहिली आणि तिच्या नोकरीवर गेली. मागे आम्ही दोघं.

सुभद्राची एकच इच्छा होती. शिमग्याला पालखी अंगणात येते, तेव्हा घरची बाई देवीची ओटी भरते. लग्न होऊन आल्यापासून तिने ती एकदाही चुकवली नव्हती. मला यंदा उभं राहून भरायची आहे, असं ती बोबड्या तोंडाने म्हणायची. खुर्चीत बसून भरलीस तरी देवी घेईल, असं मी म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. हातात पाच महिने होते.

पण तिचं मन तिच्या विरुद्ध होतं. पाय उचलला नाही की स्वतःला शिव्या द्यायची. मेलं शरीर, निकामी झाले मी, ओझं झाले, मरत का नाही. आणि मी काय करत होतो? ती पलंग धरून उभी राहायला लागली की मी धावायचो आणि म्हणायचो, राहू दे, जमायचं नाही, पडशील. ती बसायची.

नंदाने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. कोट घातलेला एक माणूस आरशापुढे उभा राहून बोलायला लावत होता, मी निरोगी आहे, मी आनंदी आहे, मला अशक्य काही नाही. सुभद्राने दोन दिवस म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हणता म्हणता तिने उजवा हात उचलायला बघितलं, तो उचलला नाही, आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. तेवढ्यात दत्ताराम शहाळं घेऊन आला. त्याने व्हिडिओ लावायला सांगितला, दोनदा ऐकला आणि मोबाईल उशीपाशी ठेवला.

"हा माणूस कधी माडावर चढलेला नाय," तो म्हणाला.

सुभद्रा रडता रडता हसली. मग त्याने तिला समजावून सांगितलं. माडाखाली उभं राहून वर पोचलो असं म्हटलं तर आपलेच पाय आपल्याला हसतात. अंगाला खोटं कळतं. मला भीती वाटत नाही असं मी कधी म्हटलं नाही; भीती आहे, पण पायही आहेत, एवढंच म्हटलं. शेंड्याकडे बघायचं नाही, पुढच्या एका हाताचंच बोलायचं. मग त्याने तिला विचारलं, "वैनी, तुमच्या नंदाला असं झालं असतं, ती पलंगावरनं उठताना धडपडली असती, तर तिला मेलं शरीर म्हणाला असतात?"

ती म्हणाली, "नाही हो. बाय माझे, सावकाश, असं म्हटलं असतं."

"मग तेच सुभद्राला बोला. ती पण कोणाची तरी लेकच हाय."

हे ऐकून ती लाजली. मला कारण कळेना. नंतर ती म्हणाली, माझं नाव घेऊन मला कोणी हाक मारली त्याला चाळीस वर्षं झाली असतील. तुम्ही अगो म्हणता, नंदा आई म्हणते, वाडी वहिनी म्हणते. स्वतःच्या तोंडाने घ्यायचं तर कसंतरी होतं. तरी तिने घेतलं. सुभद्राबाय, असं म्हणून ती खुदकन हसली, तेव्हा वाकडं तोंड क्षणभर सरळ वाटलं मला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याही घरात हे सुरू झालं. सुभद्राबाय, टाच टेका. सुभद्राबाय, आता गुडघा. नाही जमलं, असू दे, श्वास घ्या. दत्ताराम रोज उन्हं पडवीत आली की यायचा, चौथऱ्यावर बसायचा, झाप विणायचा आणि तिच्याकडे बघायचाही नाही. एकदा ती पलंग सोडून भिंतीकडे निघाली आणि तिचा तोल गेल्यासारखा झाला. मी तोंड उघडलं. त्याने झाप खाली ठेवला आणि हात वर केला.

"भाऊ, तो एक शब्द तेवढा नको."

एवढंच. माड, दोर, पडणं, कशाचं नाव नाही. मी परसात जाऊन उभा राहिलो. त्या दिवसापासून ती चालायला लागली की मी दात आवळून गप्प बसायचो. मला तेवढंच जमलं. चांगलं बोलायला मला कधी आलं नाही, निदान वाईट बोलायचं मी थांबलो.

शिमग्याला पालखी आली. ढोल-ताशे गडग्यापाशी वाजायला लागले तशी विरारहून आलेल्या नंदाने आईला नवं लुगडं नेसवून दारात आणून बसवली. पालखी अंगणात टेकली. सुभद्रा उठली. खुर्चीपासून पालखीपर्यंत सहा पावलं होती, माझ्याच हाताने बसवलेले चिरे, मला मोजायला नकोत. नंदा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला खुर्ची धरून. ढोलात कोणाला ऐकू येत नव्हतं पण मला तिचे ओठ दिसत होते. चौथ्या पावलाला ती थांबली, डुलली. तो शब्द माझ्या घशापर्यंत आला होता. मी खुर्ची इतकी दाबून धरली की तिची पाठ करकरली.

ती पोचली. डाव्या हाताने ओटी भरली, निम्मे तांदूळ खाली सांडले, खण तिरका पडला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, ह्या माऊलीला चालती ठेव म्हाराजा. सगळ्यांच्या होय म्हाराजामध्ये लंगड्या दत्तारामाचा आवाज वेगळा ऐकू आला. तो अंगणाच्या कडेला उभा होता, आमच्या जवळही आला नाही.

पुढे तीन-चार महिने ती घरात भिंत धरून हिंडली. एकदा चहा केला. पुन्हा धुण्याच्या दगडाशी जाऊन बसायला लागली, नुसती बसायची, पण सकाळचं होय म्हाराजा तिथूनच द्यायची. श्रावणात दुसरा झटका आला आणि ती गेली. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

बाराव्यानंतर नंदा गेली आणि दत्ताराम माझ्यासाठी पेज घेऊन आला. मला म्हणाला, भाऊ, दोन घास घ्या. माझ्या डोक्यात काय शिरलं सांगता येत नाही. मी म्हटलं, तुझ्या बडबडीने वाचली का ती? सहा पावलांसाठी तिला पाच महिने झुलवलंस. निजून राहिली असती तर जगली असती. आणि पुन्हा गडगा ओलांडू नकोस, असंही म्हटलं. त्याने टोप पायरीवर ठेवला आणि लंगडत गेला.

मी माणूस वाईट नाही, पण त्या दिवसांत मी कोणाचाच नव्हतो. पडून राहायचो. उठायचं कशासाठी ते कळायचं नाही. डोक्यात माझाच आवाज चालू असायचा. तुला काय जमणार. तिचं तू काय केलंस. आता तूही पडशील आणि कोणाला कळायचंही नाही.

त्यातच एक दिवस सकाळी गाऱ्हाणं कानावर आलं. नेहमीसारखं आधी दत्तारामाचं. मग माझं नाव घेऊन म्हणाला, "आणि ह्या शेजारच्या गणपतभावाला आज उठून घोटभर चहा जाऊ दे, म्हाराजा." आणि थांबला. होय म्हाराजा म्हणायला तिथे कोणी नव्हतं. तो तेवढं थांबला आणि पुढे गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चहा होता तिथे आंघोळ आली, मग अंगणात येऊन बसणं आलं. रोज एकच गोष्ट, एका हाताच्या अंतराची. रोज ती फट राहायची, धुण्याच्या दगडाच्या बाजूला. मी ऐकायचो, अंथरुणातून. उत्तर दिलं नाही. पण चहा करायला लागलो. ते त्याच्यासाठी नव्हतं असं स्वतःला सांगत करायला लागलो.

पाऊस संपल्यावर एक दिवस मी गडग्यापाशी गेलो. तो अंगणात झावळ्या चिरत होता. मी म्हटलं, दत्ताराम, त्या दिवशी तू माडावर असताना मी ओरडलो होतो. त्याने कोयता थांबवला नाही.

"ठावं हाय. तुमी भिऊन बोललात," तो म्हणाला. दुसरी झावळी ओढत म्हणाला, "माझा बाप पण भिऊनच बोलायचा, भाऊ. पोर वर, हा खाली, हातात काय नाय. मला हे कळायला म्हातारपण यावं लागलं."

मी गडग्याचा एक निसटलेला चिरा सरळ केला आणि घरी आलो.

त्यानंतर तो पुन्हा यायला लागला. आम्ही फार बोलायचो नाही. तो त्याच्याशी बोलायचा, मी ऐकायचो. त्याची दृष्टी जात चालली होती, डॉक्टर काचबिंदू म्हणाले. एक दिवस मी त्याला परसातल्या त्याच माडाखाली बघितलं. खोडावर तळवा ठेवून उभा होता. म्हणत होता, "पुरे झालं हो दत्ताराम. लय चढलात. आता बसा." त्या संध्याकाळी त्याने कोयता धुऊन, तेल लावून फडक्यात गुंडाळला. नंतर मी तो त्याच्या हातात पाहिला नाही.

गेल्या जूनमध्ये भाचा त्याला दाभोळला न्यायला आला. आमच्या वाडीतून रस्त्यावर जायला पाखाडी आहे, चिऱ्यांच्या पायऱ्यांची उतरण. अर्ध्या पायऱ्या मीच बसवलेल्या. तिच्यावर तेव्हा शेवाळ धरलं होतं. भाचा पिशव्या घेऊन पुढे गेला, परत येऊन हात धरतो म्हणाला. दत्ताराम थांबला नाही. डाव्या हाताने बाजूचा गडगा चाचपत, उजव्या हातात काठी, तो पहिल्या पायरीवर उतरला. मी वर उभा होतो. पायाखालची पायरी त्याला दिसत नव्हती हे मला दिसत होतं. आणि माझ्या तोंडात तो शब्द आला. इतक्या वर्षांनी, सगळं होऊनसुद्धा, पहिला तोच आला.

तिसऱ्या पायरीवर त्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या दत्तारामाला आज नीट खाली उतरव."

आणि थांबला. पाठमोरा होता. रोजच्याइतकाच थांबला, जास्त नाही. तेवढ्या वेळात मला बोलायचं होतं. सुभद्रा ते किती सहज म्हणायची.

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

आवाज असा काही निघाला की माझा मला ओळखू आला नाही. त्याने मान वळवली नाही. काठी खालच्या पायरीवर टेकवली, पाय ठेवला, आणि म्हणाला, "गणपतभावाला पण सुखाने ठेव." मी पुन्हा होय म्हाराजा म्हटलं. तो पायरी पायरी उतरत गेला, हा उजवा, हा बसला, असं बोलत, आणि वळणावर गडग्याच्या आड झाला. आवाज त्यानंतरही थोडा वेळ येत होता.

आता सकाळी दोन्ही बाजूंना कोणी नसतं. मी उठतो, धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभा राहतो. त्याच्यासारखं जमत नाही. स्वतःला अहो म्हणायला अजून जीभ वळत नाही. गणपत, उठलास, बरं झालं, एवढं म्हणतो. मग जरा थांबतो, आणि माझं मीच होय म्हाराजा म्हणतो.